पाळी गेली, विषाणू राहिला

एकोणपन्नासाव्या वर्षी पाळी कायमची थांबली तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. शाळेत वर्गावर उभं असताना अंगावरून जाण्याची धास्ती राहिली नाही, सणासुदीला तारखा मोजायला नकोत, प्रवासाला निघताना पिशवीत वेगळं काही कोंबायला नको. आमच्या रेवदंड्यात बायका या विषयावर फारसं बोलत नाहीत, पण जेवढं बोलतात त्यात सुटल्याचाच भाव असतो. आई म्हणायची, "झालं, आता त्या बाजूला बघायला नको." थोरल्या जाऊबाईंनीही मला तेच सांगितलं. आणि खरोखरच आमच्या घरातल्या कुठल्याच बाईने पाळी गेल्यानंतर त्या बाजूला पाहिलेलं नव्हतं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या मोठ्या तपासण्या मात्र पाळी गेल्यानंतरच्या आहेत, आणि त्यातल्या एकीचंही नाव मला आधी माहीत नव्हतं.

सुरुवात साध्या तक्रारीने झाली. पाळी जाऊन काही वर्षं झाल्यावर जागा कोरडी पडायला लागली, लघवीला जळजळ व्हायची. मी अलिबागला एका डॉक्टर मॅडमकडे गेले. मलम लिहून देतील आणि मी दुपारच्या एसटीने परत येईन, एवढीच माझी अपेक्षा. त्यांनी विचारलं, "ताई, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी याआधी कधी झाली होती?" कधीच नाही, असं मी म्हटल्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. मला झोपवून, छोट्या ब्रशने नमुना घेऊन बाटलीत बुडवला. दुखलं नाही. जरा अवघडल्यासारखं झालं, बस्स. काही दिवसांनी रिपोर्ट आला. त्यावर लिहिलं होतं: एचपीव्ही १६, डिटेक्टेड.

मी विज्ञानाची शिक्षिका नाही. मराठी आणि इतिहास शिकवते. विषाणू म्हटलं की मला सर्दी, ताप, करोना एवढंच सुचायचं. हा विषाणू कुठला, तो तिथे कसा आला, त्याला आकडा का, आणि ताप नाही, दुखणं नाही, रक्त नाही, तरी डॉक्टर एवढ्या गंभीर का झाल्या, यातलं काहीही मला कळेना. मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. काहींनी नुसते चामखीळ येतात. डझनभर प्रकार असे आहेत की वर्षानुवर्षं राहिले तर गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग करू शकतात. त्यातले १६ आणि १८ सगळ्यात वाईट, जगातल्या अशा कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के या दोघांमुळे होतात. हे शोधणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन. त्यांच्या गटाने १९८३ साली १६ हा प्रकार गाठींमध्ये सापडल्याचं दाखवलं, पुढच्या वर्षी १८, आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे मी कॉलेजात जाईपर्यंत हे जगाला कळून चुकलं होतं आणि आमच्यापर्यंत पोहोचायला एवढी वर्षं गेली. याचा मला अजूनही राग येतो. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कर्करोग झाल्याचा आणि ८० हजारांच्या आसपास बायका त्याने गेल्याचा अंदाज आहे. जो रोग होण्याआधी दहा-पंधरा वर्षं पकडता येतो, त्या रोगाचे हे आकडे आहेत.

"बहुतेकींच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप जातो," मॅडम म्हणाल्या. "तुमचा कधीपासून आहे ते कळायला मार्ग नाही. म्हणून आत दुर्बिणीतून बघायला हवं."

त्यासाठी मुंबईला जायचं ठरलं. पावसाळा नुकताच संपला होता, मांडव्याहून गेटवेची बोट सुरू झाली होती. मी आणि हे दोघं सकाळच्या बोटीने गेलो. कॉल्पोस्कोपी या शब्दाने मी इतकी धास्तावले होते की बोटीत नेहमी घेतो तो चहाही घेतला नाही. प्रत्यक्षात दुर्बीण आत जात नाही, बाहेरच उभी असते. डॉक्टर कापसाने पातळ अॅसिटिक अॅसिड लावतात, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच. पेशी बिघडलेल्या असल्या तर तेवढा भाग मिनिटभरात पांढरा पडतो. मग आयोडीन लावतात. निरोगी पेशींमध्ये ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते, ती आयोडीनने गडद तपकिरी होते. बिघडलेल्या पेशी पिवळट राहतात. इतकी साधी, स्वस्त परीक्षा मी कल्पिलीही नव्हती.

पण माझ्या बाबतीत ती साधी राहिली नाही. डॉक्टर बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "पाळी गेली आहे ना, त्यामुळे मला पूर्ण दिसत नाहीये." गर्भाशयाच्या मुखावर दोन प्रकारच्या पेशी एकमेकींना भेटतात. बाहेरच्या सपाट, आतल्या उभट. या दोघींच्या सीमेवरच विषाणूला जागा मिळते, बिघाड तिथेच सुरू होतो. तरुणपणी ही सीमा बाहेर, समोर दिसते. इस्ट्रोजेन कमी झालं की ती हळूहळू आतल्या नळीत सरकत जाते. ओहोटीला पाणी खाडीत आत ओढलं जातं आणि पाण्याची कड काठावरून दिसेनाशी होते, तसंच काहीसं मला वाटलं. त्यात पाळी गेल्यावर पेशींमधली ती साखरही कमी होते, म्हणजे आयोडीनचा रंग सगळीकडेच फिका. ज्या वयात धोका संपला असं आम्ही समजतो, त्याच वयात धोका डोळ्यांआड जाऊन बसतो. त्यांनी दिसत होतं तिथून तुकडा घेतला आणि नळीच्या आतून खरवडून थोडं घेतलं. तेव्हा मात्र दुखलं, पोटात कळ गेली.

बायॉप्सीत सीआयएन-३ आलं.

हा तीनचा आकडा वाचून माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती तिसरी स्टेज. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात मुलीच्या लग्नाचं, वाडीच्या सातबाऱ्याचं, सगळं आवरायला घेतलं होतं. फोनवर मॅडमनी समजावलं तेव्हा कळलं की हा आकडा कर्करोगाच्या स्टेजचा नव्हेच. पेशींचा पातळ थर किती खोलवर बिघडला आहे त्याचं ते माप: खालचा एक तृतीयांश भाग असेल तर एक, जवळजवळ सगळा थर असेल तर तीन. थराखालची भिंत ओलांडून पेशी आत घुसल्या तर त्याला कर्करोग म्हणायचं. माझी भिंत शाबूत होती. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मी वहीत लिहून ठेवली. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका रुग्णालयात साठ-सत्तरच्या दशकांत अशा बायकांवर पुरते उपचार न करता नुसतं लक्ष ठेवण्याचा प्रकार चालला होता. त्या बायकांना याची कल्पना दिली गेली नव्हती. पुढे त्यांचे कागद तपासले गेले, २००८ साली निष्कर्ष छापून आला: ज्यांच्यावर अपुरे उपचार झाले त्यांच्यातल्या ३१ टक्के बायकांना ३० वर्षांत कर्करोग झाला, ज्यांच्यावर नीट उपचार झाले त्यांच्यात हे प्रमाण ०.७ टक्के होतं. त्या बायकांवर अन्याय झाला म्हणून मला माझा धोका आकड्यांत कळू शकला. हे ऐकून फार वेळ काही सुचलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते अवघड आहे, तरी लिहिते, कारण याच ठिकाणी बायका तपासणीचा कागद लपवतात. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. मॅडमनी ते मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी ते घरी सांगितलं नव्हतं. मुंबईहून परतताना ह्यांनी स्वतःच विचारलं, "हा विषाणू येतो कुठून?" मी सांगितलं. बोटीच्या आवाजात ते काही बोलले नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे?" मला उत्तर येत नव्हतं. लग्नाला तीस वर्षं होत आलेली. मी त्यांच्यावर संशय घ्यायचा, की त्यांनी माझ्यावर, की दोघांनी गप्प बसायचं? पुढचे काही दिवस आम्ही गप्पच होतो, आणि आमच्या संसारातले ते सगळ्यात वाईट दिवस होते, शस्त्रक्रियेच्या दिवसाहूनही.

पुढच्या भेटीला मीच मॅडमना ह्यांच्यासमोर विचारलं. त्यांनी दोघांनाही बसवून सांगितलं. ज्यांचा कधी ना कधी शरीरसंबंध आला आहे अशा बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हातरी हा विषाणू भेटून जातो, आणि त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. तो वर्षानुवर्षं अगदी थोड्या प्रमाणात, चाचणीत न दिसता पेशींत पडून राहू शकतो, आणि वय वाढलं, पाळी गेली, प्रतिकारशक्ती थोडी उतरली की पुन्हा डोकं वर काढू शकतो. पन्नाशीनंतर रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे संसर्ग कालपरवाचा, असं मुळीच नाही. तो लग्नाच्या पहिल्या वर्षातला असेल. कोणाकडून कोणाला आला ते जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. पुरुषांसाठी तर या विषाणूची मान्यता असलेली चाचणीही नाही. "तुम्ही दोघांनी हा प्रश्न इथेच सोडा," त्या म्हणाल्या. ह्यांनी मान हलवली. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या हातातली फाइल स्वतःकडे घेतली आणि तेव्हापासून ती तेच सांभाळतात. नवरा-बायको दोघांना एकत्र बसवून हे सांगणं डॉक्टरांनी कधीही टाळू नये. मला तर हा उपचाराचाच भाग वाटतो.

शस्त्रक्रियेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. विजेवर तापलेल्या तारेच्या फासाने बिघडलेला भाग कापून काढतात, त्याला लीप म्हणतात. माझी सीमा आत गेलेली असल्यामुळे थोडा खोल, शंकूसारखा भाग काढावा लागला, आणि त्यासाठी पाठीत इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. पुढे तीन-चार आठवडे पाणचट, तपकिरी स्राव जात होता. जड उचलायचं नाही, वाकून विहिरीचं पाणी ओढायचं नाही, संबंध ठेवायचा नाही. वाडीत सुपाऱ्या उतरवायचं काम चालू होतं, मी ओट्यावर बसून फक्त मोजदाद केली.

समाचाराला येणारी प्रत्येक जण मात्र एकच विचारत होती: "पिशवी का नाही काढली?" वय झालेलं, पाळी गेलेली, मुलंबाळं झालेली, मग ती पिशवी ठेवायची कशाला? मलाही तो प्रश्न पडला होता. मी डॉक्टरांना विचारलंसुद्धा. उत्तर असं मिळालं की सीआयएन-३साठी पिशवी काढणं हा पहिला उपचार नव्हे. आत कुठे कर्करोग लपला असेल तर आधी हा शंकू तपासूनच तो कळतो. आणि पिशवी काढली तरी विषाणू तिच्याबरोबर जातोच असं नाही, तो योनीच्या वरच्या टोकाला राहू शकतो, तिथल्या पेशीही बिघडू शकतात. म्हणून ज्या बायकांची पिशवी या कारणाने निघाली आहे त्यांनाही पुढची वर्षं तपासणी चुकत नाही. काही जणींना पुढे ती काढावी लागते, पण तो निर्णय रिपोर्ट बघून होतो, भीतीने होत नाही. मला तेव्हा बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची आठवण झाली. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहणी केली. ८२ हजारांहून अधिक बायकांमध्ये १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या, त्यातल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. अंगावरून जातंय, पोट दुखतंय, एवढ्यावरच "पुढे कर्करोग होईल" अशी भीती घालून पिशव्या काढल्या गेल्याच्या तक्रारी होत्या. एकीकडे नुसत्या भीतीपोटी सगळा अवयवच जातो, दुसरीकडे खऱ्या धोक्यासाठी पाच मिनिटांची तपासणी होत नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या बाईच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या आहेत.

शंकूचा रिपोर्ट चांगला आला. बाहेरच्या कडा स्वच्छ होत्या, आतली कडही स्वच्छ होती. कडांना बिघडलेल्या पेशी चिकटलेल्या असल्या तर आजार परत येण्याची शक्यता बरीच वाढते, आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये आतली कड अशी सापडण्याचं प्रमाण जास्त, कारण मूळ सीमाच खोल गेलेली. माझी कड स्वच्छ म्हणजे आता संपलं, असं मी गृहीत धरलं. घरी सगळ्यांना सांगूनही टाकलं.

सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी झाली. एचपीव्ही १६, डिटेक्टेड.

जागा कापून काढली, कडा स्वच्छ होत्या, मग हा कुठून आला? मुलगी पुण्याहून फोनवर विचारत होती, "आई, म्हणजे ऑपरेशन फेल गेलं का?" मलाही तसंच वाटलं. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. ऑपरेशनने बिघडलेलं मांस जातं. विषाणू ऑपरेशनने जात नाही, तो आपल्या प्रतिकारशक्तीने जातो. कापलेल्या भागात त्याचा मोठा साठा असतो, तो गेला की शरीराला उरलेलं आवरणं सोपं होतं, आणि बहुतेक बायकांची चाचणी वर्षभरात निगेटिव्ह येते. मात्र काहींना वेळ लागतो. त्या काहींमध्ये पाळी गेलेल्या बायका जास्त दिसतात. चीन, इटली, कोरिया अशा अनेक देशांत लीप किंवा शंकू काढलेल्या बायकांचा पाठपुरावा झाला आहे, आणि पुष्कळ अभ्यासांत हेच आढळलं की पाळी चालू असलेल्यांपेक्षा पाळी गेलेल्यांमध्ये विषाणू रेंगाळतो.

का रेंगाळतो, हे मला समजून घ्यायचं होतं. पाळीच्या वयात इस्ट्रोजेनमुळे योनीच्या पेशींत ती साखर भरपूर असते. त्या साखरेवर लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जिवाणू जगतात, आणि दह्यात असतं तेच लॅक्टिक अॅसिड तयार करतात. त्या आंबटपणात उपद्रवी जंतूंना टिकणं कठीण जातं. पाळी गेली, साखर कमी, जिवाणू कमी, आंबटपणा कमी, आणि वरचं अस्तर पातळ. शिवाय वयाबरोबर प्रतिकारशक्तीही मंदावते. यात नेमका दोष पाळी जाण्याचा किती आणि वय वाढण्याचा किती, हे वेगळं काढणं संशोधकांनाही कठीण जातं, कारण या दोन्ही गोष्टी हातात हात घालून येतात. मला मात्र यातून एक समाधान मिळालं: माझं काही चुकलं म्हणून विषाणू राहिला, असं नव्हतं. मी उपास कमी केले, की जास्त केले, की वेळेवर औषध घेतलं नाही, असं काहीच त्यामागे नव्हतं.

डॉक्टरांनी मला काही आठवडे रात्री लावायला इस्ट्रोजेनचं मलम दिलं. मला भीती वाटली, हार्मोन म्हटलं की कर्करोग असं ऐकलेलं. हे मलम अगदी थोड्या मात्रेचं, त्याच जागेपुरतं. ते विषाणू मारायला नव्हतं. अस्तर थोडं भरून यावं, म्हणजे दुर्बिणीतून नीट दिसावं आणि नमुना स्वच्छ यावा, यासाठी होतं. पाळी गेल्यावर पेशी सुकल्यामुळेच सूक्ष्मदर्शकाखाली बिघडल्यासारख्या दिसतात आणि उगाच घबराट होते, असंही कळलं. ज्या जळजळीसाठी मी पहिल्यांदा अलिबागला गेले होते ती या मलमाने बरी झाली, हा वरचा फायदा. दुसऱ्या कॉल्पोस्कोपीत आणि नळीतल्या खरवडीत बिघडलेलं काही सापडलं नाही. विषाणू आहे, पण आजार नाही. अशी स्थिती असू शकते, हेच मला तोवर ठाऊक नव्हतं.

"मग औषध?" ह्यांनी विचारलं. "नाही," डॉक्टर म्हणाल्या. या विषाणूवर गोळी नाही, इंजेक्शन नाही. लस आहे, ती संसर्ग होण्याआधीची, मुख्यतः मुलींसाठी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली सर्व्हाव्हॅक जानेवारी २०२३मध्ये आली, ९ ते २६ वयासाठी. माझ्या पुतणीला आम्ही ती दिली. ऑपरेशन झालेल्या बायकांना लस दिली तर आजार परत येणं कमी होतं का, यावर जगभर अभ्यास चालू आहेत, अजून एकमत नाही. गावात मात्र एकमताने औषधं सुचवली गेली: कुणी काढा, कुणी पावडर, कुणी अमुक गावच्या वैद्याची पुडी. मी कुणाशी वाद घातला नाही आणि घेतलंही काही नाही. डॉक्टरांनी एकच ठाम विचारलं, "मशेरी लावता?" मी लावत नाही. पण आमच्या भागात कितीतरी बायका सकाळी मशेरी लावल्याशिवाय चूल पेटवत नाहीत. धूम्रपान करणाऱ्या बायकांत हा विषाणू जास्त टिकतो हे दिसून आलं आहे, तंबाखूतली द्रव्यं गर्भाशयाच्या मुखाच्या चिकट स्रावापर्यंत पोहोचलेली सापडली आहेत. मशेरी म्हणजे जाळलेली तंबाखूच. म्हणून त्या प्रत्येकीला विचारतात.

वाट बघण्याच्या त्या काळात मी वाचत सुटले. माझ्यासारख्या बाईची चाचणी खरोखर कामाची आहे हे आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झालं, हे मला तेव्हा कळलं. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवात, १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायका, गावांचे ५२ गट. कुणाची एचपीव्ही चाचणी, कुणाची पॅप म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची, कुणाची व्हिनेगरची, आणि एका गटाची काहीच नाही, नेहमीसारखं. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयातली डॉ. भगवान नेने यांची मंडळी, मुंबईच्या टाटा कर्करोग रुग्णालयातले डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेतले डॉ. शंकरनारायणन यांनी तो केला. आठ वर्षांनी हिशेब केला तेव्हा आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. २००९ साली हे छापून आलं आणि जगभरच्या धोरणांना त्याचा आधार मिळाला. मुंबईच्या वस्त्यांत टाटाने दहावी झालेल्या मुलींना काही आठवडे शिकवून व्हिनेगरची तपासणी करायला लावली, १२ वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. मराठवाड्यातल्या ज्या बायकांनी त्या अभ्यासात नमुने दिले, त्यांच्यातल्या पुष्कळजणींना आपण काय सिद्ध केलं हे आजही ठाऊक नसेल. ज्या गटाला चाचणी मिळालीच नाही, त्यांच्यातल्या ६४ जणी गेल्या. त्यांचं ऋण मला फार जाणवतं. आपल्या जिल्ह्यात खारघरला टाटाचं एवढं मोठं संशोधन केंद्र आहे, आणि तरीही रेवदंड्यापासून मुरूडपर्यंतच्या किनाऱ्यावर माझ्या वयाच्या किती बायकांची ही चाचणी एकदा तरी झाली असेल, हा प्रश्न मला सोडत नाही.

पुढच्या चाचणीचा रिपोर्ट ह्यांनीच उघडला. १६ नॉट डिटेक्टेड. १८ नॉट डिटेक्टेड. आणि खाली तिसरी ओळ: इतर हाय रिस्क प्रकार, डिटेक्टेड. मला आनंद करावा की रडावं कळेना. चाचणीचं यंत्र १६ आणि १८ वेगळे दाखवतं, बाकीच्या डझनभर प्रकारांचा एकच गट करतं. डॉक्टर म्हणाल्या की ही चांगली बातमी आहे. ज्या प्रकाराने बिघाड केला तोच टिकून राहणं सर्वात काळजीचं, आणि तो आता सापडत नाही. दुसरा कदाचित आधीपासूनच होता, १६च्या गर्दीत मागे राहिलेला. सध्या काही करायचं नाही, फक्त पुन्हा बघायचं.

किती काळ पुन्हा बघायचं, हे मी विचारलं. जागतिक आरोग्य संघटना उपचारानंतर वर्षाने चाचणी सांगते. अमेरिकेतल्या तज्ज्ञांचा सल्ला सहा महिन्यांनी पहिली, मग दर वर्षी, लागोपाठ तीन निगेटिव्ह येईपर्यंत, आणि त्यानंतरही किमान २५ वर्षं दर तीन वर्षांनी. एवढी वर्षं का? स्वीडनमध्ये अशा उपचार झालेल्या बायकांची दशकानुदशकांची नोंद आहे. तिच्यात दिसलं की इतर बायकांपेक्षा यांना पुढे हा कर्करोग होण्याची शक्यता दुपटीहून अधिक राहते, आणि पन्नाशी ओलांडल्यावर ती वाढते. म्हणजे पंचाहत्तरी उलटल्यावरही मला ते टेबल चुकणार नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर आलं. आता मी ते चष्म्याच्या नंबराबरोबर आणि रक्तदाबाबरोबर डायरीत लिहून टाकलं आहे.

आमच्याकडे मासळी घेऊन येणारी थेरोंड्याची मावशी आहे, साठीच्या पुढची. तिला मी हे सगळं सांगितलं. पाटी उतरवून ती निवांत ऐकत होती. मग म्हणाली, "माजी पाली जाऊन धा वर्सा झायली गो बाय. आता काय बगाचा हाय त्यान?" मी तिला सीमा आत सरकते ते सांगितलं, विषाणू वर्षानुवर्षं पडून राहतो ते सांगितलं, नवऱ्याला दोष द्यायचा नाही हेही सांगितलं. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, त्यावर ती गप्प राहिली. नंतर तिने विचारलं की डॉक्टरीण बाई आहे की बाप्या. बाई आहे म्हटल्यावर तिची अर्धी अडचण संपली. उरलेली अर्धी टेबलावर झोपण्याची होती. बाईने स्वतःच ब्रश आत फिरवून नमुना द्यायचा, अशा एचपीव्ही चाचणीलाही जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे. तशी सोय इथे होईल का, हे मी मॅडमना विचारलं आहे. नाही झाली तरी ती यायला तयार आहे. फक्त मासेमारी बंद असते तेव्हा, जूनमध्ये, कारण एरवी एक दिवस पाटी चुकवणं तिला परवडत नाही. माझ्या पुढच्या चाचणीची तारीखही मी जूनमध्येच घेतली आहे, म्हणजे अलिबागला दोघी एकाच एसटीने जाऊ. तिची मोठी सूनही येते म्हणाली आहे. तिला तिशी लागली आहे, म्हणजे चाचणी सुरू करण्याचं तिचं वय झालेलं आहे.